दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ एआयने केलंय, प्रेसला द्यायच्या आधी काय काय तपासू?

चिंचोके

आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय दरवर्षी छोटा दिवाळी अंक काढतं. आकार सव्वासात बाय साडेनऊ इंच, आतली १६० पानं ७० जीएसएम मॅपलिथोवर (साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर) एकरंगी, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्डावर चाररंगी आणि वर मॅट लॅमिनेशन. प्रती हजार. नेहमीचे चित्रकार यंदा परगावी आहेत, तेव्हा समितीने ठरवलं की मुखपृष्ठ एआयने करायचं. संपादक मंडळात सगळ्यांत तरुण मी (वय ४६), म्हणून काम माझ्याकडे.

चित्र छान आलंय. वाड्याच्या ओसरीवर नऊवारीतली बाई आकाशकंदील लावतेय, मागे संध्याकाळचं गडद निळं आकाश. फाइल पीएनजी, १०२४ बाय १५३६ पिक्सेल. प्रेसवाले म्हणतात, "सीएमवायके, ३०० डीपीआय, ब्लीडसकट पीडीएफ द्या." मी प्रॉम्प्टमध्ये '३०० डीपीआय, सीएमवायके, ८के, प्रिंट रेडी' असं सगळं लिहिलं होतं. तेवढं पुरतं का? आतल्या कथांसाठीही चार चित्रं करायची आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्लेटवाला

नाही पुरत. मी प्रीप्रेसमध्ये काम करतो, दिवसाला अशा दोनतीन फाइली येतात. प्रॉम्प्टमध्ये काहीही लिहिलंत तरी हातात येतं ते आरजीबी चित्र (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाचं, छपाईच्या चार शायांचं सीएमवायके नव्हे) आणि ठरलेले पिक्सेल. डीपीआय (इंचाला किती ठिपके) हा फाइलला चिकटवलेला नुसता आकडा असतो. फोटोशॉपमध्ये इमेज साइझ उघडून, रीसॅम्पलची खूण काढून तिथे ३०० टाका. चित्रात एक ठिपकासुद्धा वाढत नाही, फक्त इंच कमी होतात. १०२४ भागिले ३०० म्हणजे ३.४ इंच. तुमचं चित्र ३०० ला पोस्टकार्डापेक्षा लहान आहे.

आता तुमच्या अंकाचं गणित. कापल्यानंतरची रुंदी ७.२५, दोन्ही बाजूंना पाव-पाव सुताचं, म्हणजे १/८ इंच ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून जास्तीचं चित्र) धरून ७.५. उंची तशीच ९.७५. ३०० ने हवेत २२५० बाय २९२५ पिक्सेल. तुमच्याकडचे १०२४ पिक्सेल साडेसात इंचांवर पसरले की भरतात इंचाला १३७. हे आर्ट कार्डावर मऊ दिसेल, कंदिलाच्या झिरमिळ्या चिकटलेल्या वाटतील.

तिरकस

पाव सूत म्हणजे १/८ इंच? सूत स्वतःच १/८ इंच असतं ना हो प्लेटवाले?

प्लेटवाला

बरोबर, एक सूत म्हणजे १/८. वरचं 'एक सूत' असं वाचा. मिलिमीटरमध्ये ३ म्हटलंत तरी चालेल.

अर्धविराम

प्लेटवाल्यांच्या मुद्द्याला थोडी तांत्रिक पुरवणी. ही बहुतेक मॉडेलं चित्र थेट पिक्सेलमध्ये रंगवत नाहीत. स्टेबल डिफ्यूजनच्या कुळातली तर आठपट आक्रसलेल्या एका आतल्या नकाशावर काम करतात आणि शेवटी तो नकाशा उलगडून पिक्सेल काढतात. म्हणून लांबचा चेहरा, दागिन्यांचे मणी, साडीच्या काठाची नक्षी हे सगळं 'आहे असं भासतं', जवळ गेलं की तिथे काहीच धड नसतं. '८के' लिहिलं की मॉडेल फक्त तसा मथळा असलेल्या चित्रांच्या चेहऱ्यामोहऱ्याकडे झुकतं. कडा जास्त तीक्ष्ण, प्रकाश जास्त नाट्यमय. पिक्सेल तेवढेच.

तेव्हा अपस्केल करावंच लागेल. दोन जातीचे अपस्केलर आहेत आणि हा फरक महत्त्वाचा आहे. एक जात चित्राशी प्रामाणिक राहते: रिअल-ईएसआरगॅन, त्यावर चालणारं मोफत अपस्केल नावाचं सॉफ्टवेअर (इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एल-ई नव्हे, वाय-एल), टोपाझ गिगापिक्सेल, फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमधलं सुपर रिझोल्यूशन. दुसरी जात नवा तपशील कल्पून घालते. ती बघताक्षणी डोळे दिपवते, पण बाईचा चेहरा बदलतो, नथीचे मोती वाढतात, वाड्याच्या कौलांची मंगलोरी कौलं होतात. मुखपृष्ठासाठी मी पहिलीच वापरेन.

दुप्पट केलंत तर २०४८ म्हणजे इंचाला २७३ पिक्सेल (पीपीआय). माझ्या मते पुरे.

प्लेटवाला

पुरे. ३०० हा आकडा काही वेदवाक्य नाही. तो आला छपाईच्या ठिपक्यांच्या जाळीवरून, तिलाही स्क्रीनच म्हणतात. १५० लाइनच्या स्क्रीनला दुप्पट म्हणून ३००. आर्ट कार्डावर आम्ही १७५ लाइन लावतो, त्याला दीडपट धरली तरी २६३ होतात. खरं २७३ असलेलं चित्र, ओढूनताणून केलेल्या ६०० पेक्षा कधीही बरं. चारपट, आठपट अपस्केल केलेली चित्रं येतात त्यात त्वचा मेणासारखी गुळगुळीत आणि झाडाच्या पानांत अळ्या वळवळल्यासारख्या रेघा असतात.

माळावरची

ग्राफिक डिझायनर, कोल्हापूर. चिंचोके, अपस्केलच्या आधी एक काम. चित्र २:३ प्रमाणाचं आहे, तुमचं मुखपृष्ठ त्यापेक्षा रुंद. रुंदी पूर्ण भरलीत तर उंचीतले साधारण २०५ पिक्सेल कापावे लागतील. कंदील वरच्या कडेला असेल तर गेला! दुसरा रस्ता म्हणजे उंची सगळी ठेवायची आणि दोन्ही बाजूंना सुमारे ८०-८० पिक्सेल चित्र वाढवून घ्यायचं. फोटोशॉपचं जनरेटिव्ह एक्स्पांड ओसरीची भिंत, खांब, आकाश असलं काही आरामात वाढवतं. याने रिझोल्यूशनही थोडं सुधारतं, १३७ च्या जागी १५७ पासून सुरुवात होते. दुप्पट केलं की ३१५.

आणि अंकाचं नाव वर येणार ना? मग वर मोकळं आकाश हवंच. पुढच्या वेळी प्रॉम्प्टमध्ये '८के' लिहिण्यापेक्षा 'वरचा तिसरा भाग रिकामा' हे लिहा. ते खरंच ऐकलं जातं.

मागच्या बाजूपर्यंत चित्र न्यायचं असेल तर सांगा, गणित वेगळं होईल.

चिंचोके

मलपृष्ठावर सराफांची जाहिरात आहे. अंक तिच्यावरच निघतो, त्यामुळे चित्र पुढेच थांबेल. :-)

माळावरची ताई, कंदील खरंच वरच्या कडेला आहे. दोन्ही बाजूंना वाढवून घेते. पण मला मुख्य भीती रंगाची आहे. स्क्रीनवर ते आकाश असं काही निळं आहे की बघत राहावं.

प्लेटवाला

ते निळं छापून येणार नाही. आधीच सांगतो म्हणजे दिवाळीत वाद नको.

स्क्रीन प्रकाश फेकते, कागद शाईतून परतवतो. सायन (आकाशी), मजेंटा (गुलाबीसर), पिवळा आणि काळा या चार शायांत जे बसतं तेवढंच छापतं. विजेसारखं निळं, पोपटी, झगझगीत केशरी, राणी हे रंग त्या कुंपणाबाहेरचे. एआयची चित्रं नेमकी याच रंगांत रमतात, कारण ती शिकली स्क्रीनवरच्या चित्रांवर. शुद्ध आरजीबी निळा फोटोशॉपने नेहमीच्या प्रोफाइलने (अमुक कागद-शाईवर रंग कसा उतरेल याचा तक्ता) सीएमवायकेत बदलला तर सायन ८८, मजेंटा ७७ च्या आसपास येतो. मशीनवर मजेंटा जरा चढला की आकाश जांभळं. निळ्याला निळं ठेवायचं असेल तर मजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ओढा. ८८ ला ५५ च्या आसपास. थोडं फिकं होईल पण वांगं होणार नाही.

म्हणून बदल करण्याआधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याचा स्क्रीनवरचा अंदाज, बघा. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूत प्रूफ सेटअप, तिथे प्रेसने दिलेली प्रोफाइल निवडा, मग प्रूफ कलर्स. त्याखालीच गॅमट वॉर्निंग आहे, ती लावलीत की न छापणारे भाग राखाडी दिसतील. तुमचं आकाश आणि कंदिलाचा पोटातला उजेड, दोन्ही राखाडी होतील अशी माझी पैज. आरजीबीत असतानाच सॅच्युरेशन हळूहळू उतरवून घ्या आणि उजेड चमकता वाटायला त्याच्या भोवतीचा अंधार सांभाळा. छापील चित्रात चमक येते ती शेजारच्या गडदपणामुळे.

सरळरेघ

प्रोफाइल कोणती हे प्रेसला विचाराच. बऱ्याच जणांच्या फोटोशॉपमध्ये अमेरिकन स्वॉप व्ही२ मुळातच बसलेली असते आणि तीच वापरली जाते. युरोपी पद्धतीने चालणाऱ्या प्रेस फोग्रा३९ किंवा नवी फोग्रा५१ मागतात. आर्ट कार्ड आणि मॅपलिथोची प्रोफाइल वेगवेगळी, हे विसरू नका. माझा प्रश्न दुसराच आहे: मुळात आपण सीएमवायके करूच कशाला? पीडीएफ एक्स-४ या छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकारात आरजीबी चित्र प्रोफाइलसकट तसंच ठेवता येतं, प्रेसची रिप (फाइलचे छपाईचे ठिपके करणारं सॉफ्टवेअर) तिच्या मशीनप्रमाणे बदलून घेते. जास्त अचूक.

प्लेटवाला

पुस्तकात बरोबर. ज्या प्रेसमध्ये रंगव्यवस्थापन नीट बसवलेलं आहे तिथे एक्स-४ उत्तम. तालुक्याच्या प्रेसमध्ये फाइल आधी कोरलड्रॉमध्ये उघडतात, त्यात कुणाचा फोन नंबर बदलतात, मग पुन्हा पीडीएफ करतात. तुमची प्रोफाइल त्या प्रवासात कुठे उतरते कुणास ठाऊक. अशा ठिकाणी स्वतः बदल करून, आकडे बघून, त्याच कुळातली एक्स-१ए पाठवा. त्यात आरजीबी आणि पारदर्शकता दोन्ही चालतच नाहीत, म्हणजे गोंधळाला जागा कमी.

सरळरेघ

मान्य. पण मग एकदा सीएमवायके केलेलं पुन्हा आरजीबी करून पुन्हा सीएमवायके करू नका. मूळ आरजीबी फाइल वेगळी जपा.

कुंचला_जुना

मी चित्रकार आहे, त्यामुळे हा धागा दात-ओठ खात वाचला. सव्वासात बाय साडेनऊच्या मुखपृष्ठासाठी इतकी उस्तवार करायची, अपस्केलर, प्रोफाइल, दुरुस्त्या, पण जिल्ह्याच्या चित्रकला महाविद्यालयातल्या मुलाला दोनचार हजार द्यायचे नाहीत? त्याचं चित्र मोठ्या कागदावर असेल, स्कॅन केलं की रिझोल्यूशनचा प्रश्नच मिटला. दलाल, मुळगावकरांच्या मुखपृष्ठांसाठी अंक विकत घेणारी माणसं होती, आणि आता 'छान आलंय'!

चिंचोके

काका, राग समजते. मानधनासाठी मी समितीत भांडले होते, मतदानात हरले. पुढच्या वर्षी तुमचा मुद्दा नव्याने मांडणार आहे. यंदा हेच चित्र जायचं आहे, तर ते निदान नीट जावं.

कुंचला_जुना

ठीक. मग चित्रकाराच्या नजरेने सांगतो, फुकट. चित्र शंभर टक्क्यांवर उघडा आणि एका कोपऱ्यापासून इंच इंच बघत जा. मोबाइलवर माणूस दोन सेकंद बघतो, अंक महिनाभर टीपॉयवर पडून असतो. बोटं सगळे मोजतात, ते सोडा. नथ बघा: आपल्याकडे ती डाव्या नाकपुडीत. चित्र आडवं उलटवलंत तर ती उजवीकडे जाते. नऊवारीचा कासोटा मागे खोचलेला आहे का, की समोरून सहावारीच्या निऱ्या लोंबताहेत? मंगळसूत्र कानामागे जाऊन संपलेलं मी पाहिलंय. कंदिलाची दोरी कशाला तरी बांधलेली आहे का? ओसरीच्या खांबांच्या तळखड्यांची रांग एका रेषेत आहे का? एका पणतीची सावली डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे पडतेय का?

आणि खालचा कोपरा बघा. ही यंत्रं पुष्कळदा तिथे सहीसारखं काहीतरी गिचमिड काढून ठेवतात. कुणा चित्रकाराची सही नसते ती, पण वाचकाला तशी वाटते. पुसा.

चिंचोके

!!! आहे. उजव्या कोपऱ्यात आहे. आणि नथ उजवीकडेच आहे, मी आत्ता पाहिलं.

कुंचला_जुना

चित्रात अक्षरं नसतील, तर सगळं चित्र आडवं उलटवा. साडीचा पदर मात्र मग उजव्या खांद्यावर जाईल, तो आधी बघा. पदर आत्ता डाव्या खांद्यावर असेल तर उलटवू नका, फक्त नथ पुसून नवी रंगवून घ्या.

माळावरची

कुंचला काका, हे शेवटचं फार महत्त्वाचं. आणि ही सगळी डागडुजी अपस्केलच्या आधी करा, नाहीतर चूकही दुप्पट मोठी आणि दुप्पट ठसठशीत होते. माझा क्रम असा असतो: दुरुस्ती, बाजू वाढवणं, अपस्केल, मग बारीकसा ग्रेन (रवाळपणा), मग सॉफ्ट प्रूफ बघत रंग, सगळ्यात शेवटी सीएमवायके आणि हलकं शार्पन. ग्रेन कशाला म्हणाल तर आकाशासाठी. गडद निळ्यापासून फिक्यापर्यंतच्या उतारात ८ बिट फाइलला पट्टे पडतात, छपाईत ते आणखी उठून दिसतात. फाइल १६ बिट करून दोनतीन टक्के नॉइज घातला की पट्टे मोडतात आणि ते प्लास्टिकपणही जातं.

आता अक्षरांचं. एआयला चित्रात देवनागरी काढायला सांगू नका. काही नवी मॉडेलं बऱ्यापैकी काढतात, पण जोडाक्षरात कधी दगा देतील सांगता येत नाही. आणि अक्षर अचूक आलं तरी ते चित्राचा भाग असतं, पिक्सेलमध्ये. त्यातला काळा रंग चार शायांत फुटतो. स्वॉपने आरजीबी काळा बदलला की सायन ७५, मजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० असा येतो. प्लेट केसभर सरकली की अनुस्वाराला लाल-निळी झालर आणि शिरोरेघेला भुताटकी. अंकाचं नाव, वर्ष, किंमत सगळं कोरल किंवा इनडिझाइनमध्ये वेगळं टाइप करा, बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत शंभर टक्के आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता वरून छापलेली). पाठवण्याआधी अक्षरांचे कर्व्हज (फाँटऐवजी नुसते आकार) करा. प्रेसकडे श्रीलिपीची एक आवृत्ती, तुमच्याकडे युनिकोड फाँट, उघडल्यावर रफार भलत्याच अक्षरावर, हे रोजचं आहे.

परफेक्ट बायंडिंग (कण्याला गोंद) असेल तर कण्याच्या बाजूला पान दुमडायला क्रीज असते. त्या पट्ट्यात नावाचं टोक नको. बाकी तिन्ही कडांपासूनही मजकूर निदान पाच मिलिमीटर आत.

तिरकस

फोटोशॉप सगळ्यांकडे असतंच असं गृहीत धरून चाललंय. वाचनालयाच्या संगणकावर पेंटही हळू चालतं.

अर्धविराम

कृतामध्ये सीएमवायके आणि सॉफ्ट प्रूफ दोन्ही आहे, मोफत. गिम्प ३ मध्येही सॉफ्ट प्रूफ आणि सीएमवायके निर्यात आली. मांडणीला स्क्रायबस, त्यातून पीडीएफ एक्स काढता येते, नव्या आवृत्तीत देवनागरी जुळणीही नीट होते. हळू संगणकावर अपस्केलला मात्र रात्रभर लावून ठेवावं लागेल.

प्लेटवाला

शाईच्या बेरजेबद्दल कुणी बोललं नाही. एआयला अंधार फार आवडतो. कोपरे काळेकुट्ट. सीएमवायके झाल्यावर त्या जागी चारही शायांची बेरीज बघा, फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलमध्ये टोटल इंक म्हणून येते. आर्ट कार्डाला ३०० च्या आत ठेवा. ३४०-३५० गेली की शाई वाळत नाही, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला लागते, आणि ओलसर शाईवर लॅमिनेशन घातलं तर ते पुढे सुटतं. बरी प्रोफाइल वापरलीत तर बदल करतानाच मर्यादा पाळली जाते. नंतर तुम्ही कर्व्ह ओढून काळं आणखी काळं केलंत की ती मोडते.

मॅट लॅमिनेशनने गडद भाग आणखी मिटतात. ओसरीच्या सावलीत तपशील हवा असेल तर फाइलमध्ये सावल्या तुम्हाला बऱ्या वाटतात त्यापेक्षा एक पायरी उजळ ठेवा.

अवांतर: रविवर्मा प्रेसच्या तसबिरी दगडावरून छापायचे, रंगागणिक वेगळा दगड. एकेक रंग हाताने वेगळा काढणारा माणूस तिथे असायचा. आता ते काम एक ड्रॉपडाउन करतो आणि आपण त्याकडे बघतही नाही.

चिंचोके

आतल्या चार चित्रांचं काय? ती एकरंगीच जाणार.

प्लेटवाला

रंगीत चित्र करून ग्रेस्केल केलंत तर चिखल होईल. लाल साडी आणि हिरवी भिंत एकाच राखाडीत जातात. मॅपलिथो शाई पितो, ठिपका पसरतो, मधले रंग गडद होतात. तिथे रेखाचित्रच करून घ्या, पांढऱ्यावर काळी रेघ, कोरीव लाकडी ठशासारखी. आणि ते चित्र व्हेक्टरमध्ये ट्रेस करा. इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप आहे, मोफत. मग पिक्सेलचा हिशोबच उरत नाही. छाया हवीच असेल तर मधले राखाडी पंधराएक टक्क्यांनी उजळ ठेवा आणि गडद टोक ९० पाशी थांबवा.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी हे सगळं कामाला येईल, वाचनखूण साठवली. इथले मुद्रक ग्राकॉल प्रोफाइल मागतात आणि आकार साडेआठ बाय अकरा, म्हणजे ब्लीडसकट २६२५ बाय ३३७५ पिक्सेल. हक्कांचं कुणी सांगेल का? इथल्या कॉपीराइट ऑफिसने २०२३ मध्ये एका चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी यांचे हक्क मानले, पण मिडजर्नी या एआयने काढलेल्या एकेका चित्राचे नाही मानले.

सरळरेघ

भारतात १९५७ च्या कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असं कलम २(डी)(६) म्हणतं. पण ते शब्द आले १९९४ च्या दुरुस्तीत, तेव्हा आजची ही यंत्रं कुणाच्या मनात नव्हती. वाचनालयाच्या अंकासाठी एवढ्या खोलात नको. ज्या सेवेवर चित्र केलं तिच्या अटींत व्यावसायिक वापर चालतो का ते वाचा (अंक विकता, जाहिराती घेता, म्हणजे व्यावसायिकच) आणि श्रेयनामावलीत 'मुखपृष्ठ: एआयनिर्मित, दुरुस्त्या: अमुक' असं स्वच्छ छापा. चित्रकाराच्या नावाची जागा कोरी ठेवू नका.

कुंचला_जुना

+१. आणि 'अमुक चित्रकाराच्या शैलीत' असा प्रॉम्प्ट दिला असेल तर तो अंक माझ्याकडे पाठवू नका.

चिंचोके

नाही दिला, काका. पदर पाहिला, डाव्याच खांद्यावर आहे, त्यामुळे चित्र न उलटवता नथ पुसून डावीकडे काढून घेतली. सहीही पुसली. बाजू वाढवून दुप्पट केलं. सॉफ्ट प्रूफमध्ये आकाश बघून पोटात खड्डा पडला, पण मजेंटा उतरवल्यावर शाईच्या दौतीसारखा एक शांत निळा आलाय, तो मला आता मूळच्यापेक्षा आवडतो.

प्रेसला फाइल कशी पाठवू? त्यांनी व्हॉट्सॲपवर टाका म्हटलंय. आणि प्रूफ म्हणून ते डिजिटल प्रिंट देणार आहेत, ती धरून चालायची का?

प्लेटवाला

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलंत तर इतकी मेहनत पाण्यात, ते चित्र आक्रसून पाठवतं. डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ जोडा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

डिजिटल प्रिंट मजकूर, कटिंग आणि कणा तपासायला घ्या. रंगासाठी तिच्यावर विसंबू नका, टोनरचं मशीन वेगळं आणि ऑफसेटचं वेगळं. बारा बाय अठराची ती प्रिंट बहुतेक वेळा ऑफसेटपेक्षा भडक येते. हजार प्रतींसाठी स्वतंत्र मशीन प्रूफ कुणी काढणार नाही, तेव्हा मुखपृष्ठ लागेल त्या दिवशी तास-दीड तास प्रेसमध्ये जाऊन उभ्या राहा. पहिले शंभरेक कागद जुळवाजुळवीत जातात, तेव्हाच बोला. आकाश जांभळं वाटलं तर 'मजेंटा जरा उतरवा' एवढंच म्हणा, मशीनमनला कळतं. मलपृष्ठावरच्या सराफांच्या जाहिरातीत सोनं असेलच. त्याच कागदावर त्याच रांगेत ती छापली जाणार असेल तर मजेंटा उतरला की सोनं हिरवट दिसतं. दोन्हीकडे बघून थांबा.

चिंचोके

बाप रे. सराफ आमचे अध्यक्षही आहेत.

तिरकस

मग आकाश जांभळंच असू द्या.

चिंचोके

:-D शेवटचा प्रश्न. प्रकाशनाच्या दिवशी दारात याच चित्राचा चार बाय सहा फुटांचा फ्लेक्स लावायचाय. त्याला पुन्हा मोठं करावं लागेल?

माळावरची

दुपटीपेक्षा जास्त नाही. बाजू वाढवण्याआधीची, नथ दुरुस्त केलेली फाइल असेल ना? तीच दुप्पट करा, २०४८ बाय ३०७२. चार बाय सहा हे नेमकं २:३, कापाकापी नाही. इंचाला ४३ पिक्सेल पडतात, रस्त्यावरून बघायला भरपूर. फ्लेक्सवाल्याला आरजीबी जेपेग दिलंत तरी चालतं, त्याची रिप बदलून घेते. आयलेट (दोरी ओवायची कडी) मारायला चारी बाजूंना दीड-दोन इंच सोडायला सांगा, नाहीतर भोक कंदिलातून जाईल.